दूरशिक्षणातील ‘दूर’ किती?

गेल्या दिवाळीत माझी थोरली बहीण माहेरी आली, ती पिशवीत एक वही घेऊनच. लग्नामुळे तिचे कॉलेज सुटले होते. पुढे खानापूर तालुक्यातील सासरी राहून तिने दूरशिक्षणाने बी. कॉम.ला नाव घातले. वहीत एक ताळेबंद होता आणि तो काही केल्या जुळत नव्हता. मी पाहिले, तर यंत्रसामग्रीतून घसारा तिने वजा केला होता. पण नफा-तोटा पत्रकात तो नावे टाकायचा राहिला होता. दहा मिनिटांत ताळेबंद जुळला. अक्का म्हणाली, “एवढं विचारायला तीन महिने कोण भेटलं नाही बघ मला.”

तिच्या या एका वाक्याने मी विचारात पडलो. दूरशिक्षणातील अंतर आपण मैलांत मोजतो. खरे म्हणजे ते शंका आणि तिचे उत्तर यांच्यामध्ये जाणाऱ्या दिवसांत मोजायला हवे.

या पद्धतीचा आरंभ पाहिला तर हे सहज पटते. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवण्यास सुरुवात केली. विद्यार्थी धडा लिहून पाठवी आणि तो तपासून परत येई. म्हणजे जन्मापासूनच हे टपाल दोन्ही दिशांनी चालत होते. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. १९८२ साली हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. त्यानंतर १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ व १९९६ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नोकरदार, गृहिणी, शेतकरी यांच्यासाठी पदवीचे दार उघडले, हे या संस्थांचे ऋण कोणीही मान्य करील.

तथापि आता एवढ्यावर भागणार नाही. २०१८ साली आपल्या देशात उच्च शिक्षणातील प्रवेशाचे प्रमाण २६.३ टक्के होते. ते २०३५ पर्यंत ५० टक्के करावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे. एवढ्या सगळ्यांना बसायला वर्ग कोठून येणार? साहजिकच पुष्कळसा भार दूरशिक्षणावर पडणार. उद्याचा हा विद्यार्थी दुकानात गल्ल्यावर बसून किंवा घरची कामे आटोपून रात्री अभ्यास करणारा असेल. म्हणून पद्धतीने त्याच्याकडे पाहून बदलले पाहिजे.

कोणी म्हणेल, आता हातोहाती मोबाईल आहे, मग अडचण ती काय? परंतु नुसते यंत्र आणल्याने अंतर मिटत नाही. हार्वर्ड व एम. आय. टी. यांच्या मोफत ऑनलाईन अभ्यासक्रमांना २०१७-१८ साली नावे नोंदवणाऱ्यांपैकी शंभरात जेमतेम तिघांनी ते पुरे केले. त्यांत कित्येक जण नुसते पाहायला आलेले असतील, हे मान्य. तरीही उत्तम व्याख्यान ऐकायला मिळणे आणि शिक्षण होणे या दोन गोष्टी निराळ्या, हे यावरून दिसते. मायकेल मूर या शिक्षणतज्ज्ञांनी हेच सांगितले आहे. त्यांच्या मते खरे अंतर जागेचे नसून शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील संवादाचे असते. १९७१ साली शिकवू लागलेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने प्रारंभापासून यावरच भर दिला. तेथे विद्यार्थ्याला मार्गदर्शक शिक्षक नेमून दिलेला असतो आणि तो स्वाध्याय तपासून त्यावर सविस्तर अभिप्राय लिहितो. अक्काच्या स्वाध्यायावर मात्र लाल शाईचा एक आकडा होता, शब्द एकही नव्हता.

दुसरे अंतर भाषेचे. आपल्या सीमाभागात ते विशेष जाणवते. मराठी शाळेत ‘घसारा’ शिकलेल्या मुलीला पुढे इंग्रजी पुस्तकात ‘डेप्रिसिएशन’ भेटते आणि कन्नड पुस्तकात ‘सवकळी’. वस्तू एकच, पण ती ओळखीची आहे हे सांगणारे जवळ कोणी नसते. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला राज्याच्या हद्दीबाहेर दूरशिक्षणाचे केंद्र काढता येत नाही. त्यामुळे नाशिकचे मराठी पुस्तक असूनही त्याचे केंद्र आपल्या गावात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाईन अभ्यासक्रमांना मात्र ही हद्द लागू नाही. या सवलतीचा फायदा घेऊन प्रादेशिक भाषांतील अभ्यासक्रम वाढले, तर सीमेवरच्या विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल.

तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी व्हाव्यात. स्वाध्याय ठरलेल्या मुदतीत, अभिप्रायासह परत मिळावा. पाठ रात्री-अपरात्री केव्हाही ऐकता यावेत आणि रेंज नसेल तेथे छापील पुस्तक वेळेवर पोहोचावे. आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी, निदान रविवारी, शंका विचारायला एक हाडामांसाचा माणूस भेटावा.

पहिल्या दोन गोष्टी विद्यापीठांच्या हातच्या आहेत. तिसरी मात्र आपणही करू शकतो. आपल्या कॉलेजच्या खोल्या रविवारी रिकाम्याच असतात. प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले, तर शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी तेथे शंकावर्ग चालवू शकतील. वाणिज्य शाखेतील मराठी व कन्नड मुलांनी मिळून मराठी-कन्नड-इंग्रजी अशी एक छोटी शब्दावलीही सहज करता येईल. या अंकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्यांना ते अवघड नाही.

अक्का आता दर शनिवारी रात्री जेवणे उरकली की मला फोन करते. मागच्या शनिवारी तिने भागीदारीच्या खात्यांबद्दल विचारले. मला येईना, म्हणून सोमवारी सरांना विचारून मंगळवारी तिला सांगितले. तीन महिन्यांचे अंतर तीन दिवसांवर आले. पण प्रत्येकीला कॉलेजात शिकणारा भाऊ असतोच असे नाही.