घशाचे दुखणे आणि पेटीत उरलेल्या गोळ्या

सोलापूरचा कडक उन्हाळा सरतो, शाळा उघडते आणि पहिल्या पावसाबरोबर वसतिगृहात घसादुखीच्या तक्रारी सुरू होतात. अनेक मुले एका खोलीत निजतात, एका पंगतीत जेवतात. त्यामुळे खोकल्या-शिंकेतून संसर्ग लवकर पसरतो. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. सोबत नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, विश्रांती व भरपूर पाणी एवढ्याने आठवडाभरात ती बरी होते. प्रतिजैविकांचा तेथे उपयोग नाही. तोंड आल्यास ते सहसा एक-दोन आठवड्यांत भरून येते; तीन आठवड्यांवर टिकलेला व्रण मात्र दाखवावाच. जिभेवरील पांढरा, खरवडल्यास लाल पडणारा थर बुरशीचा असू शकतो. त्याचे औषध निराळे असते.

खरी सावधगिरी हवी ती स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जीवाणूविषयी. 5 ते 15 वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. एकाएकी ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव ही त्याची लक्षणे. उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो; सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. मग वर्षानुवर्षे दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

हे टाळणे सोपे आहे. डॉक्टरांनी दिलेल्या पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीनचा 10 दिवसांचा क्रम पूर्ण करावा. परंतु तिसऱ्या दिवशी घसा मोकळा होतो आणि उरलेल्या गोळ्या पेटीत पडून राहतात. आमच्याकडूनही पूर्वी हे दुर्लक्ष झाले आहे. आता गोळी आम्ही समक्ष देतो व वहीत नोंदवतो.

ब्रश, टॉवेल, पाण्याचा पेला प्रत्येकाचा स्वतंत्र असावा. घटसर्पापासून रक्षण करणारी टीडी लस 10 व्या व 16 व्या वर्षी द्यावी. श्वास घेणे वा थुंकी गिळणे कठीण झाल्यास मुलास विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

पालकांस एकच विनंती : मूल सुटीत घरी आले, तर त्याच्या पेटीत उरलेल्या गोळ्या आहेत का, ते आधी पाहावे.