शेततळ्याची जागा शोधताना

सकाळी 7. सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या शिवारात पोचलो. याच जिल्ह्यात इगतपुरीला पाऊस झोडपून काढतो आणि इथं ढग नुसते वरून जातात. मे संपत आलाय. जूनच्या आत तळं खोदून व्हायला हवं.

ज्यांच्या रानात तळं व्हायचं, त्या घरातल्या थोरल्या भावांनी रस्त्याकडेचा माळ दाखवला. "तिथं काही पिकत नाही, जाईना का तेवढा तुकडा." बहुतेक घरांत हेच ऐकतो. 2016 ला 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हापासून 30 बाय 30 बाय 3 मीटर ही मापं लोकांना पाठ आहेत, जागेचा विचार मात्र शेवटी होतो. माळ उंचावर आहे, पावसाचं पाणी तिथं चढणार नाही. तळं विहीर उपसून भरायचं आणि आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा असेल तर ती जागा चालते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत अशी तळी गावोगाव आहेत. पण इथली विहीर संक्रांतीलाच तळ दाखवते. तिचं पाणी वर काढून उन्हात ठेवायला माझं मन घेत नाही. 20 बाय 20 च्या तळ्यावरून उन्हाळ्यात रोज आठ मिलिमीटर पाणी उडालं, तरी तीन हजार लिटरच्या वर गेलं.

8.30. बांधाबांधानं उतारावर निघालो. धाकट्या वहिनी मागून म्हणाल्या, "दादा, खुरपायला येतो तेव्हा या कोपऱ्यात घोटाभर पाणी असतं." बघितलं तर बाभळीच्या बुंध्याला गेल्या पावसाळ्यातला काडीकचरा वीतभर उंचीवर अडकलेला, खाली बारीक गाळाच्या वाळून वळलेल्या खपल्या. पाणी कुठून येतं, किती चढतं, सगळं तिथंच दिसलं. वरचं साधारण दोन हेक्टर रान याच ओघळीला उतरतं. जागा मात्र ओघळीच्या पात्रात नको, बाजूला हवी. नाहीतर पहिल्याच जोरदार पावसात भराव वाहून जातो.

10. आधी विहिरीत डोकावलो, कडेचे थर उघडेच असतात. मग जेसीबीनं दहा फुटांचा चाचणी खड्डा घेतला. पाच फुटांवर मुरूम लागला. टँकरमधलं पाणी ओतून काठीवर खूण केली, तर जेवणं होईपर्यंत हातभर उतरलं. इथं तळं म्हणजे गाळणी. खालच्या अंगाला तीसेक पावलांवर दुसरा खड्डा घेतला. तिथं चिकट पिवळी माती तळापर्यंत होती, ओली करून वळली तर बोटभर लांब वळी न तुटता निघाली. पाणीही जवळपास जागेवर राहिलं.

दुपारी 2. हिशेब. 20 बाय 20 बाय 3 चं, बाजूंना एकास एक उतार दिलेलं तळं पावणेनऊ लाख लिटर धरतं. दोन हेक्टरांवर 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे पाच लाख लिटर, त्यातलं बरंचसं मुरणार. दोन-चार चांगले पाऊस झाले तर डाळिंबाची सोय होईल. थोरल्यांना याहून मोठं हवं होतं. पाण्याच्या येण्यापेक्षा मोठं तळं खोदू नका, असं मी सांगितलं.

4. विजेच्या तारा वरून जात नाहीत ना, ते पाहून फक्कीनं आखणी केली. येणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी गाळ अडवायला छोटा खड्डा, चारी बाजूंनी कुंपण आणि आत कायमचा बांधलेला दोर. दोराला आणि कुंपणाला मी सूट देत नाही. तळ्यात पडलेल्या पोराला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही.

5.30. सांडव्याचं पाणी शेजाऱ्यांच्या रानात जाणार होतं. त्यांना बोलावून जागेवर दाखवलं. त्यांनी सांडवा दहा फूट सरकवायला सांगितलं, म्हणजे पाणी थेट ओघळीत पडेल. मागणी रास्त होती. फक्की पुसून पुन्हा मारली.