इराकची गोष्ट २००३ ला सुरू होत नाही

इराकविषयी वाचायचं म्हटलं की बहुधा २००३ च्या अमेरिकी स्वारीवरचं पुस्तक हाती येतं. त्यातून वॉशिंग्टन चांगलं कळतं. बगदाद फारसं नाही.

शिया-सुन्नींचं जुनं वैर समजलं की इराक समजला, हा सर्वांत चिवट गैरसमज. त्यावर उतारा म्हणजे हन्ना बटाटू या पॅलेस्टिनी इतिहासकाराचा १९७८ चा ग्रंथ, ‘द ओल्ड सोशल क्लासेस अँड द रेव्होल्यूशनरी मूव्हमेंट्स ऑफ इराक’. पानं बाराशेवर आहेत. सलग वाचण्याचा हट्ट धरू नये. इराकी पोलिसांची गुप्त दफ्तरं चाळणारे बटाटू आधी विचारतात, जमीन कोणाकडे होती? दक्षिणेत टोळ्यांचे शेख जमीनदार बनले, आणि १९३३ च्या कायद्याने कर्जबाजारी कुळाला कर्ज फिटेपर्यंत जमीन सोडायची मुभा ठेवली नाही. शेखही शिया, कुळंही शिया! तरी अमारा भागातली माणसं बगदादला पळाली, बोरूच्या झोपड्यांत राहिली. १९३४ साली स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाला अशा गरिबांत पाठबळ मिळालं. पक्षात शिया, सुन्नी, कुर्द, ज्यू सगळेच होते. १९४९ मध्ये फासावर गेलेला नेता फहद ख्रिस्ती होता. १९५८ च्या क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या कासिम यांनी या झोपडीवासीयांसाठी वसवलेली वस्ती म्हणजे आजची सद्र सिटी. बातम्यांत ती फक्त शिया बालेकिल्ला म्हणून येते.

सारं काही एकट्या सद्दामचं, हाही समज तसाच. कनान मकिया यांचं ‘रिपब्लिक ऑफ फिअर’ (१९८९, टोपणनावाने) सद्दामच्या बाथ पक्षाची खबऱ्यांची यंत्रणा उलगडून दाखवतं. कुवेतवरच्या हल्ल्यानंतर ते धडाक्यात खपलं. मात्र त्यातला समाज जवळजवळ मुका आहे, आणि मकियांनी पुढे २००३ च्या युद्धाची बाजू घेतली, हे लक्षात ठेवून वाचावं.

बगदाद पूर्वापार निव्वळ मुस्लिम शहर, असंही अनेकांना वाटतं. मुंबई-पुण्याच्या वाचकाला तरी वाटू नये. ससून घराणं बगदादचंच, ज्यू. १९५०-५१ मध्ये लाखाहून अधिक ज्यूंनी इराक सोडला. त्याआधीच्या त्यांच्या अरबी जगण्यासाठी ओरित बाश्किन यांचं ‘न्यू बॅबिलोनियन्स’ आहे.

आणि कादंबरीला राजकारणाच्या यादीतून वगळू नये. अहमद सादावींच्या ‘फ्रँकेन्स्टाइन इन बगदाद’मध्ये एक भंगारवाला स्फोटांतल्या मृतांचे अवयव शिवून एक देह बनवतो. तो देह बळींचा सूड घ्यायला निघतो, पण त्याचं मांस गळू लागतं. मग टिकून राहण्यासाठी त्याला निरपराधांचंही मांस लागतं. कथा घडते बतावीनमध्ये, एकेकाळच्या ज्यू मोहल्ल्यात.