आवारातला अपघात : चूक कोणाची?

दिवाळी उलटली की हिंगणी-सेलू पट्ट्यात कापसाच्या ट्रॉल्या रस्त्याला लागतात. ताडपत्रीनं नाहीतर जुन्या लुगड्यांनी आवळलेला कापूस ट्रॉलीच्या फळ्यांवरून हातभर वर चढलेला आणि दोन्ही अंगांनी फुगलेला असतो. रस्त्यानं ही ट्रॉली निमूट चालते. चालकाची परीक्षा सुरू होते ती जिनिंगच्या फाटकाच्या आत. आधी भरल्या गाडीचं वजन, मग कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरची नजर, आणि शेवटी कापसाच्या ढिगापर्यंत ट्रॉली मागे लावणं.

नुसता ट्रॅक्टर मागे घेणं सोपं, ट्रॉलीसकट मागे घेणं अवघड. ट्रॉलीचा मागचा भाग उजवीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी डावीकडे वळवावं लागतं आणि ट्रॉली वळू लागली की लगेच उलटं फिरवावं लागतं. नाहीतर ट्रॅक्टर आणि ट्रॉली कोनात अडकतात. हे सारं चालक एका खांद्यावरून मागे पाहत करतो, म्हणजे दुसरी बाजू त्याला दिसतच नाही. आरसा असला तरी त्यात कापूसच दिसतो. म्हणून कुणीतरी मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे... बस!’ असं ओरडत असतं. यंत्रांच्या घरघरीत ‘येऊ दे’ आणि ‘राहू दे’ सारखंच ऐकू येतं.

अशा वेळी एखाद्या हमालाचा पाय चाकाखाली सापडला, की ठरलेलं वाक्य येतं : ‘हे खासगी आवार आहे, इथं अपघाताचा कायदा लागत नाही.’ अनेक घरांची भरपाई या एका वाक्यावर बुडते, कारण ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं.

ते वाटण्याला थोडा आधार आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे विमा सक्तीचा आहे तो ‘सार्वजनिक ठिकाणी’ वाहन वापरण्यासाठी, आणि व्याख्येनुसार सार्वजनिक ठिकाण म्हणजे लोकांना जाण्याचा हक्क असलेली जागा. विमा कंपन्यांचे वकील नेमकं यावर बोट ठेवत आले. पण १९३९ च्या जुन्या कायद्यातल्या अशाच व्याख्येचा अर्थ लावताना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा वाद बराचसा निकाली काढला. लोक जिथं हक्कानं, परवानगीनं किंवा कसल्याही बंधनाखाली का होईना जाऊ शकतात, ती जागा कायद्यापुरती सार्वजनिकच, असं त्या पीठानं ठरवलं. १९८८ च्या निकालसंग्रहात तो निकाल छापलेला आहे. जिनिंगच्या फाटकावर चौकीदार असतो म्हणून शेतकऱ्याचं तिथं येणं थांबत नाही. बाजार समितीचं यार्ड, पेट्रोल पंप, बोर व्याघ्र प्रकल्प पाहायला येणाऱ्यांसाठी रिसॉर्टनं राखलेली पार्किंगची जागा, हे सगळं याच मापानं मोजायचं.

फौजदारी बाजू निराळी. बेदरकार गाडी हाकण्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यापुरतं आहे. मात्र निष्काळजीपणानं दुखापत केल्याचं १२५ आणि मृत्यूला कारण झाल्याचं १०६, या दोन्ही कलमांना रस्त्याची अट नाही.

म्हणजे जागा कोणाची हा प्रश्न लवकर सुटतो. चूक कोणाची हे ठरवणं त्याहून कठीण, कारण आवारात ना पांढरा पट्टा, ना डावी बाजू, ना सिग्नल. पंचनाम्याला आलेला हवालदार टेप लावतो तो फाटकाच्या रुंदीला, ढिगापासून चाकापर्यंतच्या अंतराला आणि धुळीत उमटलेल्या चाकोरीला. चाकोरी एकसंध वळलेली असेल तर ट्रॉली सावकाश आली. मध्येच तुटून सरकलेली असेल तर झटका बसला. मागे खूण करणारा कोणी होता का? तो ट्रॉलीच्या आंधळ्या बाजूला उभा होता की दिसणाऱ्या? दिवे लागले होते का? गाडी मागे घेण्याआधी मागे कुणाला धोका नाही याची खात्री चालकानंच करायची असते. त्यामुळे मागे घेताना झालेल्या अपघातात त्याला उत्तर द्यावंच लागतं. जखमी माणूस ट्रॉलीला टेकून बसला होता असं निघालं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याच्या वाट्यालाही काही टक्के दोष देतं आणि भरपाई तेवढी कापतं.

जागेवरच्या अशा खुणांना किती वजन असतं हे एका खटल्यात दिसलं. १९६० च्या डिसेंबरात एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याला जाताना रस्त्याच्या उजव्या कडेपलीकडच्या झाडावर आदळली. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की डाव्या बाजूनं जायची गाडी तिथं पोचलीच कशी, हे सांगण्याचं ओझं आता गाडीवाल्यावर. आवारात मात्र या खुणाच सर्वांत आधी पुसल्या जातात. तासाभरात ट्रॉली रिकामी होते, कापूस झाडला जातो, पाठोपाठ दुसरी गाडी त्याच चाकोरीवरून जाते आणि ‘आपसात मिटवू’ सुरू होतं. मालक मुद्दाम करतो असं नाही. हंगामात धंदा थांबत नसतो. पण तोटा एकाच बाजूचा होतो.

ट्रॅक्टरच्या पॉलिसीचा तिढा आणखी वेगळा. ती बहुधा शेतीकामापुरती असते. वीटभट्टीसाठी माती खणायला ट्रॉलीतून निघालेल्या मजुराच्या प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते शेतीकाम मानलं नाही. तरी मजुराची गरिबी पाहून कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश आपल्या खास अधिकारात दिला. प्रत्येक मजुराच्या नशिबी असा आदेश येत नाही.

चूक सिद्धच होत नसेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ उरतं. १ एप्रिल २०२२ पासून त्याखाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये दोष न दाखवता मागता येतात.

तेव्हा जखमीला दवाखान्यात पाठवलं, की राहिलेल्यांनी ट्रॉली हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढावेत. काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, फेकू नये. गाडीचा नंबर, वजन आणि वेळ तिच्यावरच छापलेली असते. काट्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच दिवशी मागून घ्यावं आणि पोलिसांना लगेच कळवावं. न्यायाधिकरणात दावा लावायला कायद्यानं सहा महिन्यांची मुदत घातली आहे.