बोलोन्या: कमानींखालचं शहर

इटलीला जाणारा मराठी प्रवासी रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावं घोकूनच विमानात बसतो. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी गाडी मध्येच बोलोन्याला थांबते, तिथे मात्र फारसं कुणी उतरत नाही. इटालियन लोकांनी या शहराला तीन विशेषणं दिली आहेत: विद्वान, लठ्ठ आणि लाल. विद्वान ते विद्यापीठामुळे, लठ्ठ खाण्यापिण्यामुळे आणि लाल विटा-कौलांच्या रंगामुळे. इथल्या डाव्या राजकारणाचाही त्या लाल रंगाशी संबंध जोडला जातो.

कमानी आल्या कुठून?

इथलं विद्यापीठ 1088 सालचं मानतात. युरोपातलं ते सर्वांत जुनं. कायदा शिकायला दूरदेशीची मुलं येऊ लागली आणि राहायला जागा पुरेना. रस्ता तर अडवता येत नव्हता. मग घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली लाकडी खांबांचा टेकू दिला. त्या खांबांमधून आपोआप झाकलेली वाट तयार झाली.

इतर शहरांनी अशी वाढीव बांधकामं पाडली, बोलोन्याने त्यांचा कायदा केला. 1288 च्या नियमानुसार नव्या घराला अशी ओसरी सक्तीची झाली. तिची उंची किमान सात बोलोन्यी फूट, म्हणजे 2.66 मीटर हवी, घोडेस्वार खालून जाऊ शकेल इतकी. जागा मालकाची, डागडुजी त्याच्या खर्चाने आणि वापर मात्र सगळ्यांचा! आपल्याकडे फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या कमानींखालून चाललेल्याला हे सुख ठाऊक असेल. इथे ते शहरभर पसरलं आहे. सगळ्या कमानींची मिळून लांबी सुमारे 62 किलोमीटर भरते. 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. जुनी लाकडी ओसरी पाहायची तर स्त्रादा माज्जोरे रस्त्यावरचं काझा इझोलानी गाठावं.

सर्वांत लांब ओसरी शहराबाहेर, सान लुका टेकडीवरच्या देवळापर्यंत चढत जाते. 666 कमानी, जवळजवळ चार किलोमीटर. मेरीमातेची तसबीर दरवर्षी मिरवणुकीने खाली शहरात आणतात, तिला पाऊस लागू नये म्हणून एवढा खटाटोप.

मनोरे आणि अर्धवट चर्च

बाराव्या शतकात इथल्या धनिक घराण्यांनी चढाओढीने मनोरे बांधले. त्यांतला आसिनेल्ली 97 मीटर उंच आहे. शेजारचा गारिसेंदा इतका कलला, की चौदाव्या शतकातच त्याची उंची कमी करावी लागली. दान्तेच्या ‘इन्फेर्नो’त त्याचा उल्लेख आहे. 2023 च्या शरद ऋतूत धोका वाढल्याने गारिसेंदाभोवतीचा भाग बंद करून मजबुतीचं काम हाती घेतलं गेलं.

मुख्य चौकातलं सान पेत्रोनियो 1390 मध्ये सुरू झालं. दर्शनी भिंत खाली संगमरवरी आणि वर उघड्या विटांची. ती तशीच राहून गेली. आत जमिनीवर खगोलशास्त्रज्ञ कासिनीने 1655 मध्ये आखलेली सुमारे 67 मीटर लांबीची रेषा आहे. छतातल्या भोकातून आलेला सूर्याचा कवडसा ऐन माध्यान्ही त्या रेषेवर पडतो. देवळात खगोलशास्त्राचं उपकरण ठेवायला या शहराला कधी वावगं वाटलं नाही.

एकच शिल्प पाहायचं तर

वेळ कमी असेल तर सांता मारिया देल्ला वीता या लहानशा चर्चमध्ये जा. तिथे निक्कोलो देल्लार्काने पंधराव्या शतकात घडवलेला भाजक्या मातीचा समूह आहे: येशूच्या निष्प्राण देहाभोवती शोक करणारी माणसं. मॅग्डालेन वाऱ्यासारखी धावत येते आहे, वस्त्रं मागे उडताहेत आणि तोंड किंकाळीने उघडं. त्या काळच्या शिल्पांत दुःख बहुधा सभ्य असतं. इथे ते आवरलेलं नाही. माझ्या मते मोठमोठ्या दालनांतल्या कितीतरी संगमरवरी मूर्ती हिच्यापुढे फिक्या आहेत.

जवळच आर्किजिन्नाझिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत लाकडी शवविच्छेदनगृह आहे. 1944 च्या बाँबहल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, मग मूळ तुकडे वेचून पुन्हा उभारलं.

ताट आणि पेला

‘स्पागेत्ती बोलोन्येझ’ इथे मागू नका. इथला रागू म्हणजे खिमा, कांदा, गाजर, सेलरी, वाइन आणि थोडा टोमॅटो तासन्‌तास मंद आचेवर शिजवलेला. तो अंडं घालून लाटलेल्या ताल्यातेल्लेच्या खरखरीत पट्ट्यांना धरतो; गुळगुळीत स्पागेत्तीवरून घसरतो. शिजलेल्या पट्टीची रुंदी आठ मिलिमीटर, असं 1972 मध्ये सोन्याची पट्टी करून इथल्या व्यापार मंडळात नोंदवलंय. हे माप आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग म्हणूनही सांगतात. स्वयंपाकाला इतकं गंभीरपणे घेणारी माणसं मला आवडतात.

तोर्तेल्लिनी ही मांसाच्या सारणाची इवलीशी घडी, मांसाच्याच रश्शात वाढतात. शाकाहाऱ्यांनी मोठ्या आकाराची, रिकोत्ता चीज भरलेली तोर्तेल्लोनी मागावी. रश्शाऐवजी लोणी आणि सेज घालून मिळते. मात्र पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने बनतं, हे कडक शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मोर्तादेल्ला डुकराच्या मांसाची असते.

पिण्यासाठी टेकड्यांवरची हलकी, फेसाळ पांढरी पिन्योलेत्तो, किंवा शेजारच्या मोदेनाकडची थंडगार लाल लांब्रुस्को. तिचा आंबटपणा इथल्या चरबीला उतारा ठरतो. 1465 पासून चालणाऱ्या ओस्तेरिया देल सोलेमध्ये फक्त पेय मिळतं. बाजूच्या क्वाद्रिलातेरो बाजारातून पाव, चीज घ्यायचं आणि तिथल्या बाकावर बसून खायचं.

जाण्यापूर्वी

फ्लॉरेन्सहून जलद गाडीने हे अंतर साधारण चाळीस मिनिटांचं. जुनं शहर पायीच पाहावं. कमानींमुळे ऊन-पाऊस आड येत नाही. किमान दोन रात्री ठेवा, आणि बेत आखताना सोमवार टाळा: बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.