‘इन’ लिहिलं आणि भलतेच लोक आत आले

आजची क्वेरी छोटीच आहे, पण तिने मला घाम फोडला होता.

टेबल साधं: युजर आणि परवानगी, दर ओळीत एक. मला फक्त ‘रीड’ आणि ‘राइट’ या दोनच परवानग्या असलेली अकाउंट्स हवी होती, बाहेरच्या टीमला द्यायला.

मी ‘व्हेअर’मध्ये ‘इन’ लिहिलं. पण ‘इन’ म्हणजे यातलं कुठलंही एक चालेल! नुसतं ‘रीड’वालेही आले. मग ‘ग्रुप बाय’ युजर, ‘हॅविंग’मध्ये काउंट २. जमलं ना? मलाही तसंच वाटलं. पण यादीत ‘डिलीट’वालेही होते!

का? ‘व्हेअर’ आधी चालतं, ग्रुप नंतर होतो. ‘डिलीट’ची ओळ मोजणीआधीच गाळली गेली, उरल्या दोन. म्हणजे डेटा उडवायची चावी मी परक्याच्या हातात देणार होतो.

उपाय सोपा आहे. ‘व्हेअर’ काढा, पूर्ण ग्रुप मोजा. ‘हॅविंग’मध्ये दोन अटी, मध्ये ‘अँड’:

काउंट(डिस्टिंक्ट परवानगी) = २
सम(केस व्हेन परवानगी नॉट इन ('रीड', 'राइट') देन १ एल्स ० एंड) = ०

पहिली म्हणते, कमी नको. दुसरी म्हणते, बाहेरचं नको. ‘डिस्टिंक्ट’ विसरलात, तर दोनदा पडलेली ‘रीड’ची ओळही २ मोजली जाईल.

टेस्टला तीन युजर घ्या: एकाकडे कमी, एकाकडे नेमकं, एकाकडे जास्त. फक्त मधला आला, तरच कोड पुढे पाठवा. चला, भेटू पुढच्या भागात!