चुकलेल्या नाण्याचे मोल

१५ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा असलेले एक डॉलरचे नाणे चलनात आले. राष्ट्राध्यक्षांच्या स्मरणार्थ निघालेल्या मालिकेतले हे पहिले नाणे. साल, टांकसाळीची खूण आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे बोधवाक्य, सगळे नाण्याच्या कडेवर उमटवलेले. थोड्याच दिवसांत काही नाण्यांची कड साफ कोरी असल्याचे लोकांच्या लक्षात आले. वर्तमानपत्रांनी लगेच ‘देवाविना डॉलर’ असे बारसे करून टाकले.

चूक घडली कशी? दोन्ही बाजूंचे ठसे एका यंत्रात उमटत आणि कडेवरची अक्षरे नंतर दुसऱ्या यंत्रात. हजारो नाणी त्या दुसऱ्या यंत्राकडे न जाताच थेट बाहेर पडली. सुरुवातीच्या एका कोऱ्या कडेच्या नाण्याला ऑनलाइन लिलावात ६०० डॉलर मिळाले. मग आणखी नाणी सापडली, अशी नाणी किमान पन्नास हजार असावीत असा अंदाज जाणकारांनी वर्तवला आणि भाव ४० ते ६० डॉलरवर घसरला. चूक तीच होती, धातूही तोच. बदलला होता फक्त आकडा. घाईने सहाशे मोजणाऱ्याच्या हाती तेच नाणे उरले. त्याच मालिकेतल्या जॉन अ‍ॅडम्सच्या कोऱ्या कडेच्या डॉलरला मात्र पुढे वॉशिंग्टनपेक्षा जास्त भाव मिळत गेला, कारण तो कमी सापडला.

या प्रकरणातली खरी शिकवण पुढे आहे. नाण्याची चेहऱ्याची बाजू वर धरली, तर काहींच्या कडेवरची अक्षरे सुलटी दिसत, काहींची उलटी. नाणी कडेच्या यंत्रात जशी पडतील तशी शिरत, त्यामुळे दोन्ही प्रकार निघणारच होते. तरीही ‘उलट्या अक्षरांचे दुर्मीळ नाणे’ म्हणून विक्री झाली. टांकसाळीने ही चूक नव्हेच, असे सांगितले. त्याहून वाईट म्हणजे काहींनी चांगल्या नाण्यांची कड घासून अक्षरे घालवली. असे नाणे पकडायला वजनकाटा आणि कॅलिपर पुरे होतात. अस्सल डॉलर ८.१ ग्रॅम वजनाचा आणि २६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. घासलेला त्यात कमी भरतो.

याउलट २००४ सालचा विस्कॉन्सिनचा पाव डॉलर पाहा. अमेरिकेने १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पन्नास नाणी काढली, त्यातले हे एक. गायीचे मुंडके, चीजचा गोल आणि मक्याचे कणीस असे त्याचे चित्र. डेन्व्हर टांकसाळीच्या काही नाण्यांवर कणसाच्या डाव्या बाजूला एक जादा पान आहे. एका प्रकारात ते वर वळते, दुसऱ्यात खाली. हे पान साच्यावर ओरखडा पडून आले की कुणी मुद्दाम कोरले, यावर अजून वाद आहे. पण साच्यावर खूण असल्याने त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती उमटली. म्हणून हा एकांडा अपघात न राहता नाण्याचा उपप्रकार ठरला. नाण्यांच्या सूचीत त्याला जागा मिळाली. पन्नास नाण्यांचा संच पुरा करणाऱ्याला ही दोन नाणीही हवीशी वाटू लागली. सुरुवातीची झुंबड ओसरल्यावर भाव उतरले, तरी मागणी टिकली. माझ्या मते स्मरणनाण्यातल्या चुकीला टिकाऊ मोल येते ते असे: चूक डोळ्यांना स्पष्ट दिसावी, टांकसाळीतच झालेली असावी आणि ती मागणारे संग्राहक आधीच तयार असावेत. यातले एक जरी नसेल, तर दुर्मीळ असूनही नाणे पडून राहते.

आपल्याकडे स्वतंत्र भारताची स्मरणनाणी १९६४ च्या नेहरूंच्या नाण्यांपासून सुरू झाली. त्यातल्या पन्नास पैशांच्या नाण्यांपैकी काहींवर हिंदी नाव आहे, काहींवर इंग्रजी. हा हेतुपुरस्सर केलेला फरक, चूक नव्हे. १९९९ चे ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे मराठी घरांत आजही जपलेले सापडते. ते हाती आले तर सालाखाली भिंगातून बघा. चौकट म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा. खूण नसेल, तर नाणे कोलकात्याचे. ‘खूण विसरलेले नाणे’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले, तर सरळ नकार द्या.

घरातले नाणे चुकीचे वाटले, तर त्याला पॉलिश करू नका, चिंचेने घासू नका. वजन करा, त्याच सालाच्या दुसऱ्या नाण्याशेजारी ठेवून पाहा आणि नाणकशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कमिशन मागितले जाते, पण बँक असे व्यवहार करत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. नाण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.